आगीच्या कारणाचा रकाना

माझा आजा गावचा कोतवाल होता. गावात चोरी झाली की पहिली हाक त्यालाच, अन् पहिला संशयही त्याच्यावरच. रात्रभर गाव राखायचं त्यानं, अन् सकाळी पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून जबाब द्यायचा तोही त्यानंच. बाप म्हणायचा, ते सगळं आपण छप्पन साली मागं टाकलं. मी बारावी नापास झालो अन् जंगलखात्यात हजेरीवर लागलो. काम काय, तर आग राखणं. तेव्हा आजा फार आठवला.

दोस्तहो, भंडारा म्हटलं की तुम्हाला १९५४ ची पोटनिवडणूक आठवते. बाबासाहेब इथं उभे राहिले अन् पडले. भाषणात ते येतंच. भंडाऱ्याचं जंगल मात्र भाषणात येत नाही. आपली माणसं त्याच जंगलातून मोहफूल आणतात, तेंदूपत्ता तोडतात, विड्या वळतात.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा हंगाम. पानगळ झालेली असते. पायाखाली पापडासारखा पाला. त्याच्या आत जाळरेषा व्हावी लागते. म्हणजे जंगलातल्या ठरल्या पट्ट्यातला पाला-गवत आपणच जाळून जमीन मोकळी करायची, की मोठी आग तिथवर आली तर तिला खायला काही उरू नये. तरी आग लागलीच तर हिरव्या डहाळ्या तोडायच्या अन् झोडपत सुटायचं. भुवया जळतात, छातीत धूर भरतो. आता पाला उडवायच्या ब्लोअर मशीन आल्यात. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर संदेश येतो, की उपग्रहाला आग दिसली. उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा. आग कुठं ते कळतं. कोणी लावली, ते जमिनीलाच विचारावं लागतं.

हे विचारणं मला एका म्हाताऱ्या गोंड मजुरानं शिकवलं. दगड पाहायचा. आग ज्या बाजूनं आली ती बाजू काजळते, पाठची बरीचशी स्वच्छ राहते. झाडाचा बुंधा पाहायचा. वाऱ्यासंगं आग आली असेल तर जाळ बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला जास्त वर चढलेला असतो. असं एकेक दगड, एकेक बुंधा वाचत उलटं चालायचं. डाग लहान होत जातात, अन् तुम्ही जिथं आग जन्मली तिथं पोचता. म्हातारा सही करू शकत नव्हता. पण जळलेलं जंगल पोथीसारखं वाचायचा.

कागदावर मात्र कारणाचा रकाना साहेब टेबलावर बसून भरतो. त्या रकान्यात मी दोनच शब्द जास्त पाहिले. एक 'अज्ञात इसम', दुसरा 'मोहफूल वेचणारे'.

एका वर्षी मजुरीचा पैसा उशिरा आला. जी जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्याआधी व्हायची ती मार्चात निघाली. ऊन तापलेलं, वारा सुटलेला. आम्ही नऊ मजुरांनी ती जाळली, विझवली अन् पुढं गेलो. दोन दिवसांनी जंगल पेटलं. विझल्यावर मी अन् म्हातारा दगड वाचत मागं गेलो. वाट थेट जाळरेषेच्या काठावर आली. तिथं एक खुंट आतून अजून धुमसत होता. म्हातारा माझ्याकडं पाहून नुसता थुंकला.

साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाले, "अरे, तूच जाळलीस म्हणून लिहू का?"

पंचनाम्यात मोहफूल आलं. त्या बाजूला मोह वेचणारी एक म्हातारी होती, तिला बोलावलं. ती मला म्हणाली, "मी आग नाई लावलो, बापू. माह्या झाडाखालचं पान पाय जाऊन, जरलं का?" नव्हतं जळलं. मी पाहून आलो होतो. तरी पंच म्हणून खाली सही केली. उद्याची हजेरी डोळ्यापुढं होती.

ही सही किती जड, ते पुढं कायदा वाचला तेव्हा कळलं. १९२७ चा वन अधिनियम. कलम ७९ म्हणतं, जंगलात ज्याला हक्क आहे त्यानं आग विझवायला धावलंच पाहिजे. अन् कलम २६ म्हणतं, राखीव जंगलात आग मुद्दाम किंवा घोर बेफिकिरीनं लागली, तर सरकार तिथले चराईचे अन् वनोपजाचे हक्क थांबवू शकतं. एका बाईचं नाव रकान्यात गेलं की सगळ्या गावाचं ताट अडकू शकतं. कोतवालकी काही संपली नाही.

८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्याच्या आगीत तीन मजूर जळून मेले. तिघंही रोजंदारीवरचे. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळं आगीत गेली होती. तिथं चौकशी बसली, देशभर गाजली. बसायलाच पाहिजे होती. पण जंगलाच्या आगीचं कारण शोधायला दगड वाचणाऱ्याला कोणी बोलावत नाही.

एक गोष्ट झाकत नाही. पुढच्याच साली मी असंच दगड वाचत गेलो अन् माझ्या मामीच्या मोहाखाली पोचलो. काळ्या जमिनीवर पिवळं फूल लवकर दिसतं, म्हणून पाला पेटवतात. तिनं पेटवला होता. मोर्च्यात आपण म्हणतो, आपला माणूस आग लावत नाही. लावतो, दोस्तहो. मामीला मी झाडायला लावलं, खाली जुनं लुगडं पसरायला लावलं. ती चार दिवस बोलली नाही. आता पसरते. तुम्हीही मार्चात या, दहा झाडांखालचा पाला झाडा, मग आपण बोलू.

पण त्या म्हातारीचा कागद अजून तसाच आहे. त्यावरची माझी सही पुसता येत नाही. म्हणून तो रकाना इथं नव्यानं भरतो. उगम : जाळरेषेच्या काठावरचा खुंट. जाळणारे : आम्ही नऊ मजूर, हुकमानं. उशिराचं कारण : मजुरीचा पैसा वेळेवर आला नाही. मोह वेचणाऱ्या बाईचा संबंध नाही. पंच : मी.