टाऊन हॉलमधील समुद्रदेव

कोल्हापूरचा टाऊन हॉल दुरून पाहणाऱ्यास एखादे जुने चर्चमंदिर वाटावे. उतरती छपरे, टोकदार मनोरे, गॉथिक कमानी. १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार तो उभा राहिला. राज्य संस्थानी, वास्तुशिल्पी इंग्रज, शैली युरोपातील मंदिरांची आणि उपयोग नगराच्या कामकाजासाठी! आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. शिल्पे, शस्त्रे, आबालाल रहिमान यांची चित्रे, सारेच पाहण्याजोगे. पण वसईहून आलेली आमची युवकांची तुकडी रेंगाळली ती वीतभरही उंची नसलेल्या एका कांस्यमूर्तीपाशी.

हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ दरम्यान उत्खनने झाली, त्यांत तो सातवाहनकालीन वस्तूंबरोबर मिळाला. एक हात उंचावलेला आहे. त्यातील त्रिशूळ केव्हाच नाहीसा झाला.

“फादर, हा परका देव इथे कसा?” एका युवकाने विचारले. प्रश्न सरळ होता. तरीही ‘परका’ हा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मला टोचला. आपल्या मुलांनी तो स्वतःविषयी कितीदा ऐकलेला असतो!

मी त्याला सोपाऱ्याची आठवण दिली. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात आपल्या सोपाऱ्याचे नाव आहे, कल्याणचेही आहे. इजिप्तच्या बंदरांतून निघालेली तारवे मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याकडे येत. मद्य, तांबे, कथील आणीत आणि कापड, मसाले नेत. ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचणाऱ्यांना त्या खलाशांची ओळख आहेच. संत पौल माल्टाहून ज्या आलेक्सांद्रियाच्या तारवातून निघाला, त्यावर जुळ्या देवांचे चिन्ह होते. अशाच कुणा दर्यावर्दी माणसांच्या जगातून ही मूर्ती निघाली आणि सह्याद्रीचा घाट चढून, जेथून समुद्र दिसतही नाही अशा गावी पोहोचली. घेणाऱ्याने ती पुजली की नुसती कोनाड्यात मांडली, कोण जाणे. टाकून मात्र दिली नाही.

“याला येथे येऊन अठराशे वर्षे तरी झाली,” मी म्हणालो. “आणखी किती वर्षे राहिला म्हणजे येथला म्हणायचा?”

युवक काचेजवळ वाकला. “फादर,” तो हसून म्हणाला, “मग याच्यापुढे या टाऊन हॉललाच परका म्हणावे लागेल.”