‘येतो’ म्हणून जावे

फिनिक्समध्ये आमच्या शेजारी एक अमेरिकन आजी एकट्याच राहत असत. गेल्या वर्षी त्यांना वृद्धांच्या निवासात जावे लागले. तिथे कुत्रा ठेवायची परवानगी नव्हती. सात वर्षांच्या चार्लीचा पट्टा आमच्या हाती देताना त्या एवढेच म्हणाल्या, “याला शेल्टरमध्ये पाठवू नका.” आम्ही शब्द दिला.

आम्ही मूळचे दापोली तालुक्यातले. आमच्या घराण्यात कुत्रा कुणी पाळला नव्हता. फोनवर अम्मींनी पहिला प्रश्न नमाजचाच विचारला. आम्ही सांगितले, चार्ली मागच्या खोलीत राहतो, नमाजची जागा वेगळी आहे, आणि त्याची लाळ लागली तर आपल्या शाफई रीतीप्रमाणे सात वेळा धुतो, त्यातले एकदा मातीने. अम्मी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शेजारणीची अमानत आहे ना? मग त्या मुक्या जिवाचे हाल करू नका.”

जूनमध्ये फिनिक्सचा पारा चाळिशीच्या वर जातो. मुलांना सुट्टी होती. ग्रँड कॅन्यन पाहायचे ठरले आणि चार दिवसांसाठी आम्ही आरव्ही भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घरच. ओटा, पलंग, न्हाणी सगळे त्यातच. मुक्काम केला तो विल्यम्स गावाजवळच्या एका खाजगी कॅम्पमध्ये. हे गाव दोन हजार मीटरहून थोडे उंचावर, पाइनच्या झाडांत आहे. इथूनच १९०१ साली सुरू झालेली रेल्वे कॅन्यनच्या दक्षिण काठावर जाते. आरव्हीत जागा कमी, म्हणून नमाज आम्ही बाहेर पाइनखाली चटई टाकून पढत होतो.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. गावात सामान आणायला जायचे होते. कॅम्पच्या नियमांत कुत्र्याला थोडा वेळ आत ठेवायला मुभा होती. चार्लीपुढे वाडगा ठेवला आणि तो खात असताना आम्ही चौघे मागच्या मागे सटकलो. वाटले, खाण्यात गुंगेल, त्याला कळणारही नाही. पाऊण तासाने परतलो तर फाटकापासूनच त्याचे विव्हळणे ऐकू येत होते. दारावर नखांचे ओरखडे, खाली लाळेचे थारोळे. बाजूच्या आरव्हीतले म्हातारे गृहस्थ दारात उभे. कॅम्पच्या माणसाने शांतपणे सांगितले, पुन्हा असे झाले तर जागा सोडावी लागेल.

खरे दुःख दुसऱ्या सकाळी झाले. चार्लीने वाडग्याला तोंडही लावले नाही. तो आमच्या पायांकडेच पाहत बसला. वाडगा आला म्हणजे ही माणसे नाहीशी होणार, एवढे तो एका दिवसात शिकला होता.

तेव्हा आम्हा दोघांनाही घरची जुनी गोष्ट आठवली. आमच्यापैकी एकाचे वडील कुवेतला नोकरीला होते. सुट्टी संपली की पोरे रडतील म्हणून ते पहाटे, सगळे झोपलेले असताना निघून जात. पुढे त्यांच्या प्रत्येक सुट्टीत धाकटा भाऊ रात्री झोपायलाच तयार नसे. अब्बांच्या शर्टाचे टोक मुठीत धरून जागा राहत असे. चुकवून जाण्यात जाणाऱ्याची सुटका होते, मागे राहणाऱ्याची झोप जाते.

फिनिक्सच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रागावू नका, त्याने भीती वाढते. तो घाबरायच्या आत परत येणे हाच खरा उपाय. रेल्वेचा बेत रद्द झाला. मुले रुसली. मग एकाने मुलांना कॅन्यन पाहायला न्यायचे आणि दुसऱ्याने चार्लीजवळ थांबायचे, असे ठरले.

शिकवणी अगदी लहान होती. आधी त्याला चांगले लांब फिरवून आणायचे. त्याचे घरचे जुने अंथरूण आत टाकायचे, खिडक्यांचे पडदे ओढायचे, पंखा चालू ठेवायचा म्हणजे बाहेरची चाहूल कमी लागते. मग किल्ली उचलायची आणि परत ठेवायची. चपला घालायच्या आणि तिथेच बसायचे. दार उघडायचे, “येतो” म्हणायचे, बाहेर पाऊल टाकायचे आणि दोन सेकंदांत आत. कौतुक नाही, मिठ्या नाहीत. मग पाच सेकंद, मग वीस, मध्येच पुन्हा पाच. विव्हळला तर समजायचे, आपण घाई केली. चौथ्या दिवशी आमची मजल आठ मिनिटांपर्यंत गेली.

फिनिक्सला आल्यावर हाच पाठ घरी आणि अंगणात उभ्या केलेल्या मोटारीत चालू ठेवला, पण उन्हात कधीच नाही. बाहेर २१ अंश असले तरी बंद मोटार अर्ध्या तासात आतून ४० अंशांपर्यंत तापते. आरव्हीत एसी असला तरी कॅम्पमधली वीज जाऊ शकते. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावल्याने खटका पडलेला आम्हीच पाहिला आहे. म्हणून पारा चढला की फोनवर इशारा देणारे यंत्र घेतले, आणि पायी दहा मिनिटांपलीकडे जायचे नाही असा नियम केला.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्याच कॅम्पवर गेलो. चार्ली आत, आम्ही “येतो” म्हणून निघालो. फोनवर पाहिले तर तो दाराकडे तोंड करून पडला होता. दहाव्या मिनिटाला त्याने पंजांवर डोके टेकले. चाळीस मिनिटांनी परतलो तेव्हा शेजारच्यांना आत कुत्रा आहे हे ठाऊकही नव्हते.

सगळे जमले असे नाही. कॅन्यनच्या काठाखालच्या वाटांवर कुत्र्यांना बंदी आहे, उद्यानाच्या बसमध्येही घेत नाहीत. काठावर मात्र पट्टा लावून फिरवता येते. मुलांना खाली थोडे उतरायचे होते, त्या दिवशी चार्लीला दक्षिण काठावरच्या केनेलमध्ये ठेवले. लसींचे दाखले बरोबर होते. दिवसभर त्याला आरव्हीत एकटे ठेवणे हा आमचा हट्ट झाला असता, त्याची सोय नव्हे.

आजींना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “रडतो का अजून?” आम्ही म्हणालो, “कमी. आता त्याला एक मराठी शब्द कळतो.” तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. आम्ही हा शब्द जन्मभर वापरला, पण दापोलीहून परतताना अम्मी रडतील म्हणून त्यांना झोपेत ठेवून पहाटेच मुंबईची गाडी धरत आलो. या डिसेंबरात तसे केले नाही. त्यांना उठवले, सलाम केला, “येतो” म्हणालो. अम्मी रडल्या. पण फाटकापर्यंत आल्या आणि परत कधी येणार ती तारीख विचारून घेतली. आता ती पाळायची आहे.