तालुक्यातल्या तालुक्यात

दिवाळीची सुट्टी समीप आली म्हणजे आमच्या घरी महाबळेश्वरचा विषय निघतो आणि लॉजच्या भाड्याचा आकडा कानी पडताच निमूटपणे मिटतो. गेल्या खेपेस मात्र तो मिटण्यापूर्वी मी कागद-पेन्सिल घेऊन जमाखर्च मांडला, आणि कुटुंबाच्या सहलीत खरा पैसा मुक्काम खातो, प्रवास नव्हे, हे त्या कागदावर स्वच्छ दिसले. मातोश्रींनी पंचाहत्तरी ओलांडलेली, तेव्हा २०२२ पासून एस.टी. त्यांना विनामूल्य, पत्नीस २०२३ पासून निमे तिकीट, म्हणजे थोरांपैकी पूर्ण भाड्याचा धनी मी एकटाच. आमचे आणे कल्याण-नगर रस्त्यावरचे, जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकास, पाण्याच्या दुर्भिक्षासाठीच अधिक ख्यात असलेल्या पठारावरचे गाव. तेथून सकाळी निघून तालुक्यातच हिंडून दिवेलागणीस परतावे, दुपारची भाकरी बरोबर बांधावी, असा मसुदा मी सादर केला.

त्यास पहिली हरकत पत्नीने घेतली. “रोज घरीच परतायचं म्हणजे चुलीला सुट्टी नाही, ही सहल तुमची झाली, माझी कुठली?” हरकत रास्त होती, आणि स्वस्त सहलींच्या हिशेबात हे कलम पुरुष मंडळी सोयीस्करपणे गाळतात असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत कढयांमागून कढया आमटी गावातले पुरुषच रांधतात, मग घरच्या माणसांपुरती का रांधू नये, या तिच्या प्रश्नास उत्तर नव्हते. रात्रीचा स्वयंपाक मी व चिरंजीवांनी करावा, आणि एक मुक्काम ओझरला देवस्थानच्या भक्तनिवासात व्हावा, या दोन अटींवर बेतास मंजुरी मिळाली.

आरंभ दाराशीच केला. आणे घाटात गुळुंचवाडीला मळगंगेच्या देवळाजवळ ओढ्याने कातळ खालून पोखरून एक नैसर्गिक पूल घडविला आहे. त्याच घाटातून आळेफाट्याकडे आम्ही आयुष्यभर जा-ये केली, परंतु त्या कमानीखाली उभे राहून वर पाहण्याची बुद्धी यापूर्वी घरात कोणास झाली नव्हती. आळ्यास मातोश्री रेड्याच्या समाधीपुढे बराच वेळ बसून राहिल्या. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले तो हाच, ही त्यांची अढळ श्रद्धा. मला स्वतःला अधिक ओढ बोरीची होती. तेथे कुकडीच्या काठच्या गाळात दूर सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाणारी राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ती राख सुमारे पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी प्राचीन, यावर विद्वानांत वाद आहे. मुलांना समजून सांगता सांगता माझी त्रेधा उडाली, आणि मातोश्रींनी “राख बघायला एवढ्या लांब?” असा शेरा मारला.

शिवनेरी व लेण्याद्री यांविषयी मी निराळे काय लिहावे? शासनाने २०१८ साली तालुक्यास पर्यटनाचा विशेष दर्जा दिला तो मुख्यतः अशाच स्थळांच्या बळावर. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण मात्र आम्हांस रस्त्यावरूनच पाहावी लागली, कारण पूर्वपरवानगीवाचून आत प्रवेश नाही, आणि ती मागण्याचे कलम माझ्या मसुद्यात नव्हते. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा खोडदच्या परिसरात आणि उरलेल्या तीन दिशांना विखुरलेल्या, एवढे ऐकूनही चिरंजीवांचे समाधान झाले नाही.

हा बेत कोणास करावयाचा असल्यास उन्हाळ्यात करू नये. पठार तेव्हा रखरखते आणि ओढे कोरडे असतात. दसरा ते संक्रांत हा काळ उत्तम. दुर्बीण आतून पाहावयाची असेल तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचा सुमार धरावा; तेव्हा ती सर्वसामान्यांस खुली असते.