न आठवणारा तास

माझ्या आयुष्यातील ज्या तासाविषयी मला सर्वाधिक प्रश्न विचारले गेले, तो तास मला आठवत नाही. इतरांना मात्र तो चांगला आठवतो. नववीच्या चव्वेचाळीस मुलामुलींनी तो पाहिला, शाळेच्या शिपाईमामांनी पाहिला, शेजारच्या वर्गातून धावत आलेल्या गणिताच्या सरांनी पाहिला. मी तेथेच होते. पण पाहणाऱ्यांत नव्हते.

तेव्हा मी ४२ वर्षांची होते. साताऱ्यातील अनेकांप्रमाणे पहाटे अजिंक्यतारा चढून यायचे, मग डबे, मग स्कूटरवरून शाळा. अंगात ताप असला तरी रजा न घेणारी बाई अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता. त्या दिवशी मी फळ्यावर अव्ययीभाव समासाची उदाहरणे लिहीत होते. दररोज, हरघडी, बिनशर्त. आणि मग बिनधोक. हा शेवटचा शब्द लिहिल्याचे मला स्मरत नाही. तो अर्धाच राहिला होता, असे मुलांनी नंतर सांगितले. एखाद्या विद्यार्थ्याने कथेत असा योगायोग आणला असता, तर ओढूनताणून आणला म्हणून मी त्याखाली लाल रेघ मारली असती.

त्यानंतरची आठवण शिक्षककक्षातील बाकावरची. तोंडात रक्ताची चव होती, जिभेची कड चावली गेली होती आणि दिवसभर लाकडे फोडावीत तसे अंग दुखत होते. कोणी तरी वार विचारला. तो मला सांगता येईना. “माझा तास संपला का?” हा प्रश्न मी म्हणे सात-आठ वेळा विचारला. प्रत्येक वेळी मला उत्तर मिळाले आणि प्रत्येक वेळी मी ते विसरले. भीती तेव्हा वाटली नाही. ती रात्री आली, डोळे मिटण्याची वेळ झाली तेव्हा.

मेंदूविकारतज्ज्ञांनी मला फारसे काही विचारले नाही. “तुम्ही काय सांगणार? ज्यानं पाहिलं त्याला आणा,” असे ते म्हणाले. पडताना चेहऱ्याचा रंग कसा होता, डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली, हातपाय ताठ झाले की नुसते सैल पडले, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे त्यांना हवे होते. साधी मूर्च्छा आणि मेंदूतून उठलेला झटका यांतील फरक पुष्कळदा यंत्रांपेक्षा पाहणाऱ्याच्या शब्दांतूनच कळतो. मी वीस वर्षे मुलांना प्रसंगलेखन शिकवत आले होते; त्याचा असा उपयोग होईल हे कधी मनात आले नव्हते.

साक्षी मात्र जुळेनात. मामांच्या मते मी दहा मिनिटे तडफडत होते. सरांच्या मते मी उपाशीपोटी चक्कर येऊन पडले. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आईबरोबर आमच्या घरी आली. तिने भिंतीवरचे घड्याळ पाहिले होते. “बाई, अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमची मान डावीकडे वळली. डोळे उघडे होते. आधी ताठ झालात, मग झटके. दोन मिनिटांनी थांबले.” मामांनी नाकाशी चप्पल धरली, ती तिनेच बाजूला सारली. दातांत चमचा घालू पाहणाऱ्यांना तिनेच अडवले, डोक्याखाली दप्तर दिले आणि झटके थांबताच मला कुशीवर वळवले. माझे यजमान तिचे बोलणे वहीत उतरवून घेत होते. हे सगळे तुला कसे ठाऊक, असे मी विचारताच ती आईकडे पाहू लागली. आईच हलकेच म्हणाली, “तिच्या धाकट्या भावाला होतं, बाई. शाळेत कुणाला सांगू नका.” (ती मुलगी आता नोकरी करते. तिला विचारूनच मी हे लिहीत आहे.)

तपासण्या झाल्या. रक्तातील साखर, क्षार, हृदयाचा आलेख, ईईजी, एमआरआय. सर्व काही ठीक निघाले. सर्व ठीक असण्याने मनुष्य इतका अस्वस्थ होऊ शकतो, हे मला तेव्हा कळले. तो झटका होता, हे त्या वहीवरून आणि चावलेल्या जिभेवरून डॉक्टरांनी ठरवले. तो का आला, हे मात्र सांगता येत नव्हते. जगात १० टक्क्यांपर्यंत लोकांना आयुष्यात एखादा झटका येतो. एवढ्यावरून त्याला अपस्मार म्हणत नाहीत. २४ तासांहून अधिक अंतराने दुसरा झटका, तोही विनाकारण आला, तर मात्र ते नाव लागते. औषध लगेच सुरू न करता वाट पाहायची, असे ठरले.

वाट पाहणे म्हणजे काय, हे घराने शिकवले. स्कूटरची किल्ली यजमानांच्या खिशात गेली. वाहनपरवान्याच्या अर्जासोबत अपस्माराविषयी आणि अकस्मात शुद्ध हरपण्याविषयी विचारलेले असते. मी कधीकाळी न वाचताच ‘नाही’ लिहिले होते. न्हाणीघराची कडी लावायची नाही, जागरण नाही, गडावर एकटीने नाही. मी मोरीत असले की सासूबाई दाराशी काही ना काही निवडत बसत. हातातून झाकण पडले तरी तिन्ही खोल्यांतून माणसे धावत. माझा राग कोणावर काढावा, हेच मला समजेना.

सर्वांत जड गेले ते शब्द. आपल्या भाषेत घेरी आहे, भोवळ आहे, आकडी, फेफरे, मिरगी आहे, पण पाहुण्यांसमोर आमच्याकडे एकच शब्द चाले: “बीपी लो झालं होतं.” मुलगी लग्नाची आहे, एवढेच सासूबाई म्हणाल्या. त्यांना तरी दोष कसा द्यावा? हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींत वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मारही होता. तो १९९९ मध्ये वगळला गेला. कायद्यातून शब्द पुसला गेला, तरी माजघरातून तो इतक्या लवकर जात नाही. ‘अपस्मार’ याचा अर्थच स्मृतीचे निघून जाणे. नटराजाच्या पायाखाली जो बुटका पुरुष असतो, त्याचेही हेच नाव. पूर्वी मी हे वर्गात मोठ्या हौसेने सांगत असे. आता त्या मूर्तीकडे पाहताना माझी नजर प्रथम खाली जाते.

तीन आठवड्यांनी मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनीही सूचना फलकावर ‘अशक्तपणामुळे’ असेच लिहिले होते आणि मीही तेच सांगणार होते. वर्गात शिरले, तर चव्वेचाळीस जण इतके शांत की माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. तिसऱ्या बाकावरची मान खाली होती.

“त्या दिवशी मला फिट आली होती,” मी म्हणाले. “काय करायचं हे तुमच्यापैकी एकीला ठाऊक होतं, म्हणून मला इजा झाली नाही. आज ते आपण सगळे शिकू.” ती मान हळूच वर आली.

मागून एकाने विचारले, “बाई, परत येईल का?”

“माहीत नाही.”

मी मामांची चप्पल, चमचा, कुशीवर वळवणे, घड्याळ, सारे सांगितले. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर दवाखान्याची गाडी बोलवायची, हेही सांगितले. मग खडू घेतला आणि राहिलेला शब्द पूर्ण लिहिला. विग्रह विचारला.

“धोक्याशिवाय,” पहिल्या बाकावरून उत्तर आले आणि सारा वर्ग हसला. मलाही हसू आवरले नाही. घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी पुढचे उदाहरण लिहायला घेतले.