हौदात न उतरता

जालन्यात घर बांधणारा माणूस देवघराची जागा मागाहून ठरवतो. जमिनीखालचा हौद मात्र आधी खोदून घेतो. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाने या शहराची तहान वर्षानुवर्षे भागवली, पुढे पैठणहून जायकवाडीचे पाणी जलवाहिनीने आले. तरीही आमच्या नळाला पाणी कधी आठ दिवसांनी येते, कधी त्याहून उशिरा. २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या पिढीचा तर साठवलेल्या पाण्यावरच विश्वास. आमचा हौद आठ फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल. काठोकाठ भरला तर पावणेसात हजार लिटरच्या आसपास पाणी मावते.

हा हौद दर उन्हाळ्यात मी स्वतः उतरून धूत असे. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावरही हे काम मी कोणाला दिले नाही. त्यात काटकसर थोडी आणि अभिमान पुष्कळ होता. एकाहत्तराव्या वर्षी तळाच्या बुळबुळीत गाळावरून पाय घसरला आणि मी कमरेवर आदळलो. सौभाग्यवती स्वयंपाकघरात होती. हौदातून मारलेली हाक वर पोहोचत नाही, हे मला त्या दिवशी कळले. बऱ्याच वेळाने ती चहा घेऊन आली, तेव्हा मी भिंतीला टेकून गुडघाभर पाण्यात बसलो होतो. खुब्याचे हाड मोडले होते.

पुढच्या वर्षी शेजारच्या एका तरुणाला उतरवले. उरलेले पाणी उपसायला हौदातच पाणबुडी मोटर सोडलेली होती. तिची वायर एका जागी खरचटलेली होती आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. त्याला झिणझिण्या आल्या, तो ओरडत शिडीवर चढला. सुदैवाने एवढ्यावरच निभावले. त्या संध्याकाळी सौ. म्हणाली, ‘‘अहो, आता हौदात कोणीच उतरायचं नाही. तुम्ही नाही आणि दुसऱ्याचं लेकरूही नाही.’’

मग हौद धुवायचा कसा, हा प्रश्न वर्षभर तसाच पडून राहिला. उत्तर सापडले ते पुण्यात, लेकीच्या सोसायटीच्या जलतरण तलावाच्या काठी. तिथे तळाशी एक चपटे यंत्र आपोआप सरपटत गाळ ओढत होते. त्याला स्वतःची मोटर नसते. तलावाच्या गाळणीचा पंप जे पाणी ओढतो, त्याच ओढीवर ते चालते. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या फर्डिनांड शोव्हिए या अभियंत्याने १९७४ मध्ये असे यंत्र बाजारात आणले, ही माहिती नातवाने मोबाइलवर वाचून दाखवली. मला अधिक रस होता तो ते लावणाऱ्या माणसाच्या हातांत. त्याने आधी पंप बंद केला, गाळणी साफ केली. नळीचे तुकडे जोडून ती सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचते ना, हे पाहिले. मग सगळी नळी पाण्यात बुडवून तिच्यातली हवा बाहेर काढली आणि नंतरच ती भिंतीतल्या तोंडाला जोडली. हवा राहिली तर पंप कोरडा फिरतो आणि यंत्र जागचे हलत नाही. पाण्यात कोणी असताना ते तो कधीच लावत नसे. चालू नळीच्या तोंडावर हात नेऊ पाहणाऱ्या एका मुलाला त्याने चांगलेच दरडावले. ती ओढ तळहात किंवा केस धरून ठेवू शकते, याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

आमच्या हौदाला तसले यंत्र नको होते, त्यातली युक्ती हवी होती. प्लंबरने अर्ध्या अश्वशक्तीची, स्वतः पाणी ओढणारी मोटर हौदाबाहेर कोरड्या फरशीवर बसवली. तिच्या नळीला प्लॅस्टिकचा लांब दांडा, टोकाला रुंद चपटे तोंड आणि खडे अडवणारी जाळी. अर्थिंग तपासून घेतले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळती होताच तो वीज तोडतो. मी हौदाच्या तोंडापासून हातभर दूर खुर्चीवर बसतो. वाकायचे नाही, काठावर उकिडवे बसायचे नाही. पायात रबरी चप्पल घालून सौ. बटणापाशी उभी असते. दांडा सावकाश फिरवावा लागतो. घाई केली की गाळ ढवळून पाणी गढूळ होते आणि तासभर नुसते बसून राहावे लागते. ओढलेले पाणी पिंपात निवळते. वरचे लिंबाला आणि कढीपत्त्याला, खालचा गाळ कुंडीत. पूर्वी हौद धुवायचा म्हणजे निम्मे पाणी गटारात जाई. जालन्यात हे पाप कोणाला सांगायचीही लाज वाटे.

भिंती मात्र लांब दांड्याच्या ब्रशने घासाव्याच लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून झाकण घट्ट हवे, हवेच्या नळीलाही जाळी हवी.

नवे पाणी आले की चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्यायची आणि वरचे पाणी तेवढे हौदात सोडायचे. निदान अर्धा तास, शक्य तर तासभर ते वापरायचे नाही. ही पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड आमच्याकडे एका कपाटात ठेवत नाही. दोन्ही एकत्र आली तर निघणारा क्लोरीन वायू आमच्या वयाच्या छातीला झेपणारा नाही.

गेल्या महिन्यात तो शेजारचा तरुण सहज आला होता. दांडा त्याने हातात घेतला, थोडा वेळ फिरवला आणि विचारले, ‘‘काका, म्हंजी आता उतरायचं कामच नाही?’’

‘‘नाही रे बाबा,’’ मी म्हणालो. सौ. ने बटण बंद केले आणि त्याला चहाला आत बोलावले.