दट्ट्या वर कोठें थांबतो?

आमच्या सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांत इंजिन ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली; सर धनजीशा कूपर ह्यांच्या सातारा रोड येथील कारखान्यांतून डिझेल इंजिनें बाहेर पडलीं; आणि कृष्णाकांठच्या उसाला कितीतरी वर्षें अशाच इंजिनांनीं पाणी पाजलें. तरीहि ‘इंजिनाचा दट्ट्या अगदीं माथ्यावर आला हें कसें ओळखावें?’ असें आम्हीं विचारलें, तेव्हां दहावीचा वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. प्रश्न पुस्तकी नव्हता. शाळेच्या आवारांत आमच्या वडिलांची जुनी अँबॅसडर मोटार बॉनेट उघडून उभी होती. नाताळापूर्वीं सांगलीहून आमच्या वृद्ध मातोश्रींस तिच्यांतूनच साताऱ्यास आणावयाचें होतें, एस. टी.ची पायरी त्यांच्यानें चढवत नाहीं.

मोटारीचा जोर ओसरला होता. २०१४ पासून ह्या गाड्या निघेनाशा झाल्या, आणि त्यांचे जाणते मिस्त्रीहि विरळ झाले. एकानें तर टॅपेटचा आवाज नको म्हणून झडपांची फट जवळजवळ नाहींशीच करून दिली होती. अशी शांतता घातक असते. धुराची झडप बैठकीवर घट्ट मिटली तरच तिची उष्णता निघून जाते. फट उरली नाहीं कीं ती तापून लांबते, किंचित् उघडी राहते, दाब निसटतो आणि तिची कड जळूं लागते. थोडी टकटक करणारें इंजिन आम्हांस अधिक विश्वासू वाटतें. ह्या गाडीस फट ०.०१५ इंच हवी.

फट मोजावयाची ती झडप पुरती मिटलेली असतां. म्हणून पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या माथ्यावर आणतात. मिस्त्री लोक ह्यास ‘टॉपला आणणें’ म्हणतात. पण दट्ट्या दोनदां वर येतो, एकदां मिश्रण दाबीत व एकदां धूर ढकलीत. दुसऱ्या वेळीं दोन्ही झडपा किंचित् उघड्या असतात. तेथें मोजलेली फट खोटी. हा भेद आम्ही फळ्यावर काढीत असतां कृष्णाकांठचा एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, “सर, हँडल जड होतं तोच खरा टॉप.” आजोबांच्या पंपावर तो हें शिकला होता. एका सिलिंडरच्या इंजिनास त्याचें उत्तर पुरें होतें. येथें चार सिलिंडर. दर अर्ध्या फेऱ्यास कोणता तरी एक जड लागणारच. म्हणून आम्हीं चारी प्लग काढून पहिल्याच्या भोंकावर त्याला अंगठा धरावयास लावला. हवेनें अंगठा उडविला आणि वर्ग हंसला.

परंतु नेमका बिंदु? खरी मौज येथें आहे. ह्या दट्ट्याची धांव ८८.९ मिलिमीटर. धांवेच्या मध्याजवळ क्रँक पांच अंश फिरला तर दट्ट्या सुमारें चार मिलिमीटर सरकतो. माथ्यापासून तेवढ्याच फिरण्यांत पाव मिलिमीटरहि नाहीं. काडी घालून पाहणारास तो थांबलेलाच भासतो. म्हणून माथा माथ्यावर शोधूं नये. जुन्या प्लगच्या पोकळ कवचांत बोल्ट बसवून तो भोंकांत लावावा. क्रँक हलकेच फिरवून दट्ट्या त्यास टेकला कीं पुलीवर खूण करावी; मग उलट फिरवून टेकला कीं दुसरी. दोन खुणांमधील लहान कंसाचा मध्य तोच माथा. हँडल उलट फिरत नाहीं, म्हणून गाडी वरच्या गियरांत ठेवून चार मुलांनीं ती मागें ढकलली. कंस दुभागणें केवळ परीक्षेपुरतें नसतें, हें त्यांना घाम गाळून कळलें.

इतकी सूक्ष्मता खरी लागते ती ठिणगीच्या वेळेसाठीं. झडपांना नवाचा हिशेब पुरतो. समोरून आठ झडपा मोजाव्या. आठवी पूर्ण उघडी असतां पहिलीची फट लावावी, सहावी उघडी असतां तिसरीची. बेरीज नेहमीं नऊ. पांचवी झडप मात्र जळालेलीच निघाली. हेड उतरवून ती बदलावी लागली, आणि सर्व फटी मुलांनीं पुन्हा लावल्या.

डिसेंबरांत सांगलीहून निघालों. पेठ नाक्यापर्यंत मातोश्री निमूट होत्या. मग त्यांनीं विचारलें, “ही टकटक कसली रे?”

“झडपांची, आई. असूं दे ती.”

कराडच्या पुढें त्यांना झोप लागली.