अण्णांचा संगणक

वडील माणसांसाठीं वस्तू घेतांना आपण बहुधा त्यांना विचारीत नाहीं. चष्म्याची दांडी, पाय शेकण्याची पिशवी, थंडीची कानटोपी, सारें आपणच ठरवितों आणि त्यांनीं तें मुकाट्यानें वापरावें अशी आपली अपेक्षा असते. २०२५ सालच्या दिवाळींत संगणकाच्या खरेदींत आम्हीं हेंच केलें. त्यांत आमची जी फजिती झाली ती वाचकांस सांगण्यासारखी आहे.

आमचे तीर्थरूप, ज्यांना घरांत सारे अण्णा म्हणतात, निवृत्तीनंतर चिंचपाड्यासच राहिले. नवापूर तालुक्यांतलें हें गांव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. चिंचपाडा ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनाहि नवापूरचें स्थानक ऐकून ठाऊक असेल. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रांत आणि अर्धा गुजराथेंत आहे. या भागांत अण्णांनीं तीस वर्षें मास्तरकी केली. ते आले तेव्हां हा सारा धुळें जिल्हा होता. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. वर्गांतलीं पुष्कळ मुलें घरीं मावची बोलणारीं. पुस्तकांतला शब्द मुलाला कळत नसे आणि मुलाचा शब्द मास्तरांना कळत नसे. या अडचणींतून अण्णांनीं एक वही सुरू केली. मावची शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि तो कोणत्या पाड्यावर कोणाच्या तोंडून ऐकला याची नोंद. एका वहीच्या सात वह्या झाल्या. २०१३ सालीं आमच्या थोरल्या बंधूंनीं त्यांना संगणक घेऊन दिला तेव्हांपासून ते या वह्या त्यावर उतरवीत आणि त्यांत नवी भर घालीत आले आहेत. स्नान-पूजा उरकली कीं दीड तास. बारा वर्षांत यांत फारसा खंड पडलेला आम्हांस आठवत नाहीं.

तो संगणक आतां थकला होता. सुरू केल्यावर आईचा चहा होऊन, पिऊन, कपबशी विसळून झाली तरी पडदा कोराच असे. त्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. घरगुती ग्राहकांस आणखी एका वर्षाची सवलत देऊं केली होती हें खरें. पण मरावयास टेकलेल्या बैलाची पेंड वर्षभर वाढवून काय साधणार, असें बंधूंचें मत पडलें. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ती पिढी बाजारांत आली २०१७ सालीं, म्हणजे अण्णांचें यंत्र त्या पंक्तीला बसूंच शकत नव्हतें.

मग दूरध्वनीवर कुटुंबसभा भरली. चिंचपाड्याहून बंधू व वहिनी, नाशिकहून भगिनी, पुण्याहून आम्ही. पुतण्या म्हणाला, आजोबांना मोठासा टॅब्लेट द्या, हल्लीं संगणक कोण वापरतो? भगिनीच्या मतें नवा लॅपटॉप द्यावा, हलका असतो, अंथरुणावर बसूनहि वापरतां येतो. (अण्णा अंथरुणावर बसून लिहितील ही कल्पना तिला कोठून सुचली देव जाणे.) खर्च वीस हजारांच्या वर जाऊं नये हें मात्र सर्वांना मान्य होतें, कारण त्याच महिन्यांत आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. या सभेंत अण्णांना कोणी बोलाविलें नाहीं. ते शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होते असें वहिनींनीं मागाहून सांगितलें.

खरेदीचें काम आमच्याकडे आलें. वीस हजारांत मिळणारे नवे लॅपटॉप आम्हीं पाहिले. बाहेरून सुबक, आंतून बेताचे: चार जीबी रॅम, चौसष्ट जीबीची साठवण. विंडोज ११ ला किमान एवढें लागतेंच. म्हणजे पाहुणे घरांत आल्यावर यजमानांनीं ओटीवर निजावें तशांतली गत. शिवाय पडदा चौदा इंचांचा आणि अण्णांचे डोळे एक्याऐंशी वर्षांचे. तेव्हां आम्ही दुसऱ्या बाजारांत शिरलों. मोठमोठ्या कचेऱ्या कांहीं वर्षांनीं आपले संगणक बदलतात; ते साफसूफ करून, नादुरुस्त भाग पालटून पुन्हां विकले जातात. आठव्या पिढीचा, आठ जीबी रॅमचा आणि फिरत्या तबकडीऐवजीं सॉलिड स्टेट साठवणीचा एक लहानसा डबा आम्हांस साडेचौदा हजारांस मिळाला, वर्षाच्या हमीसह. अण्णांचा जुना एकोणीस इंची पडदा व कळफलक कायम ठेवावयाचे ठरलें. पडद्याची तार नव्या डब्याला बसेना, म्हणून शेंदोनशें रुपयांचा जोड घेतला. निवड चुकली नव्हती हें आम्ही आजहि म्हणूं. चूक पुढें झाली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशीं आम्ही चिंचपाड्यास पोंचलों. अण्णा बंधूंबरोबर नवापुरास गेले होते. ते येईपर्यंत सारें सज्ज ठेवून त्यांना चकित करावें या हौसेनें आम्हीं जुन्या यंत्रांतल्या त्यांच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन नव्यांत घातल्या. जुनें यंत्र शेजारच्या शाळकरी मुलाला द्यावयाचें होतें, म्हणून त्यांतली तबकडी तेव्हांच पुसूनहि टाकली. अण्णा आले, पाय धुऊन खुर्चीवर बसले. पडदा क्षणांत उजळला तेव्हां त्यांनीं कौतुकानें आमच्याकडे पाहिलें. मग त्यांनीं आपली शब्दांची फाईल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि वांकड्यातिकड्या चिन्हांची रांगोळी पसरलेली. साडेतीन हजारांवर नोंदी, आणि त्यांत मराठीचें एक अक्षर नाहीं!

अण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फाईल मिटली, पुन्हां उघडली, पुन्हां मिटली. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानें पुसला आणि तो हातांतच धरून ते बसून राहिले. आमच्या पायांखालची भुई सरकली. वह्या होत्या, पण त्या पहिल्या सात; पुढील कित्येक वर्षांची भर वहींत कधीं उतरलीच नव्हती. ज्यांच्या तोंडून ते शब्द ऐकले त्यांतल्या बऱ्याच म्हाताऱ्या आतां हयात नाहींत.

झालें होतें तें असें. अण्णा श्री-लिपी या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या साधनानें टंकीत. त्या काळच्या मराठी फॉन्टांत अक्षराचा आकारच रोमन अक्षराच्या जागीं बसविलेला असे. फायलींत रोमन अक्षराचा अंक, आणि त्यावर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडतो. हल्लींच्या युनिकोडांत तसें नाहीं. तेथें ‘क’ चा स्वतःचा अंक, २३२५, जगांतल्या सर्व यंत्रांवर तोच. आम्ही फायली आणल्या आणि मुखवटे मात्र स्वतःच्या हातानें पुसले.

संध्याकाळपर्यंत आम्ही भ्रमणध्वनीवर धुंडाळीत होतों. दिवेलागणीस अण्णा माजघरांतून म्हणाले, “अरे, तूं मला विचारलें असतेंस तर सांगितलें असतें. ट्रंकेंत बघ, पावतीच्या पाकिटांत.” ट्रंकेंत जुन्या वीजबिलांच्या गठ्ठ्याखालीं २०१३ ची पावती होती आणि तिच्यासह त्या साधनाची सीडी, मूळ वेष्टनांत. नव्या डब्याला सीडी घालण्याची जागाच नाहीं. तेव्हां ज्या यंत्राला आम्हीं अडगळ ठरविलें होतें त्यालाच पुन्हां जागें करून तींतले फॉन्ट काढून घेतले. रात्रीं साडेनवाला पहिली ओळ मराठींत दिसली. आईनें देवापुढें साखर ठेवली.

फॉन्टाच्या आधारावर फार काळ राहणें बरें नव्हे म्हणून सर्व मजकूर युनिकोडांत उतरविला. हें काम यंत्र करतें, परंतु जोडाक्षरांत आणि रफारांत धांदरटपणा करतें. लांबविलेल्या स्वरासाठीं अण्णा अवग्रहाचें चिन्ह वापरीत, तें तर सगळीकडून उडालें. आम्हीं तें पुतण्याकडून दुरुस्त करवून घेण्याचें सुचविलें तेव्हां अण्णा म्हणाले, “त्याला कोठें स्वर लांबतो तें कसें कळणार? मी ऐकलेलें आहे.” त्यांची बोटें जुन्या टाइपरायटरच्या कळांना सरावलेलीं, त्याच मांडणीचा युनिकोड कळफलक मिळतो, तो बसवून दिला. हेंहि या वेळीं विचारून.

शेजारच्या मुलाला जुनें यंत्र लिनक्स घालून दिलें. सीडी अण्णांनीं पुन्हां ट्रंकेंत ठेवली आहे. स्वतः ते अकारापासून एकेक नोंद तपाशीत चालले असून पौषाअखेर तकारापर्यंत आले होते. मधेंच एखाद्या नोंदीपाशीं थांबतात, आणि जिच्याकडून तो शब्द ऐकला ती म्हातारी अजून आहे का हें पाहावयास पाड्यावर जाऊन येतात. जेवणाची वेळ टळते अशी आईची तक्रार आहे.